सहा नको, एकच दाखव

प्रिय बेटा,

तू पाठवलेली पीडीएफ नीट बघितली. बारा पानं, बारा लोगो आणि शेवटी तुझा प्रश्न: "सर, डाळ मिलवाले म्हणतात निदान सहा तरी दाखवा. यातले कुठले सहा काढू?" मोठ्या मुलाला संत्रं पाहिजे, कारण मिल नागपूरची. धाकट्याला नाइकीसारखं काहीतरी पाहिजे. वडिलांना तुरीची शेंग पाहिजे आणि वर 'श्री'. तू तिघांचं समाधान करायला बसलीस आणि आता तुझं तुलाच कळेना की यातला तुझा कुठला.

तुझा हात कसा आहे ते मला माहीत आहे, त्यावर मी शब्द घालवत नाही. सहा निवडून द्यायलाही बसत नाही. एकच दाखव.

वर्गात हे ऐकून तुझे कान किटले असतील. तरी पुन्हा सांगतो, कारण नेमकी गरज पडली तेव्हाच तू ते बाजूला ठेवलंस. सहा लोगो समोर मांडलेस की ती माणसं त्या सहांची आपसांत तुलना करतात. इतवारीत साडीच्या दुकानात गादीवर ढीग पडला की बाई ज्या लग्नाला जायचं ते लग्न विसरते आणि या साडीचा काठ त्या साडीला असता तर, असं म्हणू लागते, तसंच हे. "मॅडम, दुसऱ्याचा रंग पाचव्याला टाका न." "तिसऱ्यातलं पान पहिल्यात बसेल काय?" हा लोगो आपल्या कट्ट्यावर, म्हणजे डाळीच्या पोत्यावर, कसा उठेल, ट्रक समोरून जाताना दिसेल का, दहा वर्षांनी आपला वाटेल का, हे कुणी विचारतच नाही. लोगो आणि डाळ मिल यांची गाठ पडायला हवी होती, ती पडतच नाही. आणि हे तू केलंस, त्यांनी नाही. त्यांना डाळ कळते. कुठला आकार टिकेल हे ठरवायला त्यांनी तुला बोलावलं, आणि तू ते काम गुंडाळून परत त्यांच्याच हातात द्यायला निघालीस.

१९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्सनं नेक्स्ट या नव्या संगणक कंपनीसाठी पॉल रँड या अमेरिकन डिझायनरला गाठलं. तेव्हा रँड सत्तरीत होता. जॉब्सनं पर्याय मागितले. रँडनं सांगितलं की मी तुमचा प्रश्न सोडवीन, तुम्ही पैसे द्याल, उत्तर वापरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पर्याय पाहिजे असतील तर दुसऱ्यांकडे जा. फी होती एक लाख डॉलर. त्यानं एक पुस्तिका करून दिली आणि तीत अक्षरं कशी बसवली, मोठी-लहान का केली, नावाचा काळा ठोकळा अठ्ठावीस अंशांत का कलवला, हे पायरीपायरीनं मांडलं. शेवटी एकच लोगो. तू म्हणशील, तो पॉल रँड होता सर, मी धरमपेठेतल्या एका खोलीत बसते. मान्य. पण त्याची फी तुला मागता येणार नाही, पुस्तिका तर करता येईल? पाच पानांची कर, मराठीत, त्या वडिलांना कळेल अशी. शेंग काढून पाहिली, ती का टाकली. संत्रं काढून पाहिलं, ते का टाकलं. शेवटच्या पानावर एकच. मग गप्प बस. मधेच "आवडलं नसेल तर दुसरंही आहे" असं पुटपुटू नको. तिथंच सगळं जातं.

रँडसारख्या लोकांचं मोठेपण आकार काढण्यात होतं असं समजू नको. मोठेपण ठरवण्यात होतं, आणि ठरवलेलं शेवटपर्यंत नेण्यात. बर्लिनच्या एईजी या विजेची यंत्रं करणाऱ्या कंपनीनं १९०७ मध्ये पेटर बेहरेन्सला सल्लागार नेमलं. मूळचा चित्रकार माणूस. त्यानं कंपनीच्या खुणेबरोबर किटल्या केल्या, पंखे केले, दिवे केले, जाहिराती केल्या, आणि १९०९ मध्ये टर्बाइनचा अख्खा कारखाना उभा केला. किटलीपासून कारखान्यापर्यंत एकच हात. पुढे आयबीएमच्या थॉमस वॉटसन ज्युनियरला न्यूयॉर्कमध्ये ऑलिव्हेटी या इटालियन टाइपरायटर कंपनीचं दुकान दिसलं. तो मांडलेला टाइपरायटर, ती जागा, सगळं एका घरातलं वाटत होतं, आणि आपली कंपनी त्यापुढं विस्कटलेली दिसली. त्यानं एलियट नॉइस या डिझायनरला आणलं, नॉइसनं रँडला. १९५६ मध्ये रँडनं काय केलं? जुन्या अक्षरांच्या जागी सिटी नावाच्या टाइपातली थोडी ठाम अक्षरं बसवली. बाहेरच्याला फरक कळलाही नसेल. आज आपण आयबीएमच्या अक्षरांत बघतो त्या आठ पट्ट्या १९७२ च्या. मधे सोळा वर्षं गेली. एकच ठरवलं की एवढी सोळा वर्षं पुरवून काम करता येतं. सहा दाखवणाऱ्याला पुढच्या सोमवारी पुन्हा सहा दाखवावे लागतात.

आता संत्र्याबद्दल, कारण तू त्यावर तीन पानं खर्च केलीस. या शहरात ट्रॅव्हल्सवाल्याच्या लोगोत संत्रं, क्लासवाल्याच्या लोगोत संत्रं, पॅथॉलॉजी लॅबच्या लोगोतही मी संत्रं पाहिलंय. लोगोनं धंदा समजावून सांगायचा नसतो. न्यूयॉर्कच्या दोन बँका १९५५ मध्ये एक झाल्या आणि चेस मॅनहॅटन बँक झाली. त्याच १९५५ मध्ये आपल्याकडे इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. तिकडे चेरमायेफ आणि गाइसमार यांच्या ऑफिसनं चेसला एक अष्टकोन दिला: चार सारखे तुकडे, मधे रिकामा चौकोन. पैसा नाही, तिजोरी नाही, इमारत नाही. इकडे १९७१ मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेतल्या शेखर कामतांनी स्टेट बँकेला निळा गोल दिला: मधे लहान पांढरा गोल आणि खाली एक चीर. कुणी त्यात कुलपाचं भोक बघतं, कुणी अहमदाबादचा कांकरिया तलाव. काहीही बघू दे. किंग्जवेवर उभं राहा आणि ज्याला वाचता येत नाही अशा माणसाला विचार, ही कुठली बँक. तो सांगेल. त्या गोलात अर्थ आला तो पगार जमा होऊन, पेन्शनच्या रांगा लागून, पासबुकं छापून. आकाराचं काम एवढंच की तो अर्थ साठेपर्यंत त्यानं दम धरायचा. संत्र्यात आधीच एवढा अर्थ भरलेला आहे की तुझ्या डाळ मिलला तिथं जागा उरत नाही.

धाकट्या मुलानं नाइकी काढलं म्हणजे तू गुगल करशील आणि मला उलट विचारशील, म्हणून आधीच सांगतो. हो, नाइकीचा लोगो काढणारी कॅरोलिन डेव्हिडसन विद्यार्थिनी होती, १९७१ मध्ये तिला त्याचे पस्तीस डॉलर मिळाले आणि तिनं एकाहून जास्त आकार दाखवले होते. नाइकीच्या फिल नाइटला त्यातला एकही फार आवडला नव्हता. बुटांचं काम अडलं होतं म्हणून त्यानं त्यातला एक उचलला. चांगला उचलला गेला, त्यांचं नशीब. तुझ्या बारांतून ते काय उचलतील? मी पैजेवर सांगतो, संत्र्याच्या फोडीला शेंग चिकटवलेला तो अकरावा. घाईत माणूस ज्यात सगळं आहे असं वाटतं तेच उचलतो. मग तुझ्या नावावर तो अकरावा आयुष्यभर.

मी हे कुठून बोलतोय तेही ऐक. एकच दाखवायच्या हट्टापायी माझी बरीच कामं गेली. हिंगण्याच्या एमआयडीसीतले एक साहेब माझ्यासमोर दुसऱ्याला फोन लावून म्हणाले, "हे एकच दाखवून राहिले, तुम्ही किती दाखवता?" माझ्या बरोबरीचे लोक पंधरा-वीस दाखवत गेले आणि त्यांची घरं माझ्या आधी झाली. आमच्या घरी काही वर्षं ट्यूशनच्या पैशांवर निघाली, ट्यूशन मी घेत नव्हतो. याचं मला वाईट वाटतं. पण त्या वीसवाल्यांचा आज रस्त्यावर दिसणारा एक लोगो मला दाखव. माझे चार-पाच अजून आहेत. एक तर मालक बदलला, मुलगा बसला, पाटी तीनदा नवी झाली, तरी लोगो तोच आहे, कारण पहिल्या दिवशी म्हाताऱ्या मालकानं तो सहांतला एक म्हणून घेतला नव्हता, आपला म्हणून घेतला होता.

खरी खंत दुसरीच आहे, आणि ती तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून एवढं लिहितोय. मला बेहरेन्ससारखं अख्खं काम कधी मिळालं नाही. लोगो दिला की लोक नमस्कार करून जायचे. पुढची पाटी पेंटर करायचा, बिलबुक छापखानेवाला जुळवायचा, आणि नंतर सगळंच फ्लेक्सवाल्याच्या हातात गेलं. एका ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी केलेल्या दोन ठोस पट्ट्या मी अमरावती रोडवर वाघाच्या तोंडासकट, सोनेरी चमक मारलेल्या पाहिल्या. तेव्हा गाडी बाजूला घेऊन बराच वेळ थांबलो होतो. नासासारख्या संस्थेनंसुद्धा १९७५ ची ती सुंदर लाल अक्षरं १९९२ मध्ये काढून टाकली आणि २०२० मध्ये परत आणली. म्हणून, दिलेल्या लोगोची पुढं काळजी कोण घेणार, हे आधीच बोलून ठेवावं लागतं. बारा लोगोंवर तू जे दिवस घालवलेस, ते दिवस या कामाचे होते.

तर आता काम. तुझ्या पाचव्या पानावर दोन अर्धगोल आहेत, मधे फट, एक किंचित वर सरकलेला. तुरीचा दाणा फुटून डाळ होते, ते त्यात आहे, आणि कुणाला नाही दिसलं तरी बिघडत नाही. बाकीचे अकरा कुणाच्या ना कुणाच्या मागणीचे आहेत. हा एक तू कुणी न सांगता काढलास. तो उचल. पण आकार साधा आहे, म्हणून दुसऱ्या कुणाचा नाही ना, हे आधी बघ. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एनबीसी या टीव्ही कंपनीनं मोठा खर्च करून नवा 'एन' आणला आणि नेब्रास्काच्या शैक्षणिक टीव्हीकडे जवळजवळ तोच आधीपासून निघाला. मिटवायला एनबीसीला त्यांना यंत्रसामग्री आणि पैसे द्यावे लागले. ट्रेडमार्कचा शोध आता घरबसल्या घेता येतो. अडलीस तर बौद्धिक संपदेची राष्ट्रीय संस्था आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे, जाऊन विचार.

मग ती फट. स्क्रीनवर छान दिसते, कट्ट्यावर बुजेल. तीस किलोचा कट्टा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेला असतो, एकेक पट्टी दोन-तीन मिलिमीटरची. रबरी ठशातून शाई बसते ती उंच भागावर, खाचेत पोचत नाही, आणि कडेनं पसरते. बारीक रेघ विणीवर तुटते, बारीक फट शाईनं भरते. म्हणून तुझी फट कट्ट्यावर निदान चार पट्ट्यांएवढी रुंद ठेव. नावाचं अक्षरही तसंच तपास. देवनागरीत 'श'च्या गाठी आणि 'क'ची पोकळी आधी भरतात, शिरोरेषा जाड केलीस तर अक्षराचं पोट आणखी दबतं. तोच लोगो बिलबुकावर अंगठ्याच्या नखाएवढा करून बघ, आणि व्हॉट्सॲपच्या गोल फोटोत बसवून बघ. कोपरे कापले जात असतील तर आता दुरुस्त कर, नंतर धाकटा मुलगा आपल्या मनानं दुरुस्त करेल.

'श्री'चं वडिलांशी भांडू नको. 'श्री' बिलबुकाच्या माथ्यावर लिहितात, तिथं लिहू दे, तुझ्याच टाइपात. लोगोत नको एवढंच. दाखवायला जाशील तेव्हा तिघं एकत्र असतील असं बघ, पण बोल वडिलांशी. मिल त्यांनी उभी केली, शेवटचा शब्द त्यांचा. मुलांनी "मॅडम, बाकीचे?" म्हटलं तर सांग, बाकीचे तपासून टाकले, पुस्तिकेत कारणं आहेत. आणि पैसे लोगोचे सांगू नको. कट्टा, बिलबुक, गेटवरची पाटी, ट्रकचं फाळकं, सगळ्या कामाचे मिळून सांग, अर्धे आधी घे. ते "फक्त लोगोचं काय घ्याल?" म्हणतील. फक्त लोगो देत नाही म्हण. तिथं मी नेहमी नरमलो नाही तरी थकायचो. तू थकू नको, तुझं वय नाही ते.

डिसेंबरपासून नवी तूर यायला लागते. कट्ट्यांची ऑर्डर त्याआधी जाईल, म्हणजे ठसा त्याच्याही आधी लागेल. या आठवड्यातच कळमन्याला जा, त्यांचे कट्टे कोण छापतो त्याला गाठ आणि ती फट दोन-तीन रुंदींची करून जुन्या कट्ट्यावर उठवून घे.

तुझे,
सर