काउंटर खाली आला, गुडघे बाहेरच राहिले

नगरपालिकेच्या नव्या सुविधा केंद्रात व्हीलचेअरसाठी काउंटर किती उंच हवा, असं इंजिनिअरने विचारलं आणि तुम्ही "७५ सेंमी" सांगून आलात, हे वाचून राहवलं नाही. उद्याच परत जा. तेवढंच सांगून मी अकरा महिने घालवलेत.

आमच्याकडच्या एका कार्यालयात (नाव नको, तिथे अजून कामं असतात) मी अर्जात फक्त उंची लिहिली. त्यांनी ती बरोबर ७५ केली, पण समोरची बाजू जमिनीपर्यंत प्लायवूड आणि सनमायका ठोकून बंद! पायपट्टी फळीवर आपटते, खुर्ची हातभर लांब थांबते. सहीसाठी पुढे वाकले आणि तोल गेला. माझ्या कमरेत ताकद नाही. तक्रार केली तर म्हणे, काम पूर्ण झालं, बिल निघालं, आता तरतूद नाही. एक फळी काढायला अकरा महिने! अजून राग येतो.

म्हणून लेखी द्या: वरची पातळी ७५ ते ८०, आणि खाली मोकळी जागा निदान ७० उंच, ९० रुंद, ५० खोल. टेबलाची कडा जाड नको. वर ७५ आणि कडा १० ची, म्हणजे खाली ६५च उरले. मी आर्किटेक्ट नाही, ही मापं माझ्या साध्या खुर्चीवरून सांगतेय. बॅटरीवरच्या खुर्च्यांना जास्त उंची लागू शकते, तुमच्याकडच्या दोघा-तिघांची मापं घ्या.

सोबत केंद्र सरकारच्या २०२१ च्या हार्मोनाइज्ड गाइडलाइन्स (इमारती दिव्यांगांनाही वापरता याव्यात म्हणून काढलेल्या सूचना) जोडा. इमारतच नवी असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४४ दाखवा: सुगम्यतेचे नियम पाळले नाहीत तर पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. वकील मी नाही, पण हे कलम वाचल्यावर माणसं नीट ऐकतात.

वेगळी "दिव्यांग खिडकी" मात्र मागू नका, हे माझं ठाम मत. तिथला कारकून रजेवर गेला की खिडकी बंद. आमच्याकडे तर त्यावर फायलींचे गठ्ठे आहेत. नेहमीच्याच काउंटरचा एक भाग खाली घ्यायला सांगा. अंगठ्याच्या मशीनची वायर लांब हवी आणि फोटोचा कॅमेरा खाली वळणारा, हेही त्याच कागदावर लिहा.

आणि समोरची फळी ठोकण्याआधी सुताराला थांबवून एकदा खुर्ची आत सरकवून बघा. इंजिनिअर तिथे हजर असताना.