'रीएन्ट्री' या शब्दाचे अर्थ काय आणि तो आला कुठून?

लॅटिनमधल्या 'आत जाणे' या क्रियापदावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'एन्ट्री' आला, 'री' म्हणजे पुन्हा. एवढं कुठल्याही कोशात मिळेल. पण आत कोण शिरणार, हे तो शब्द सांगत नाही. आमचं घर तिथेच फसलं.

अण्णांची लाकडाची वखार भाडेपट्ट्याच्या मोकळ्या जागेवर होती. करारनामा इंग्रजीत. भाडं थकलं तर 'राइट ऑफ री-एन्ट्री', असं एक कलम होतं. घरात इंग्रजी वाचणारे एकटे काका. त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'परत आत येण्याचा हक्क, आपला'. त्या पावसाळ्यात धंदा बसला, चार महिन्यांचं भाडं तुंबलं, तरी अण्णा निर्धास्त. काढलं तरी परत शिरता येईल, ही समजूत. मग मालकाची नोटीस आली, पाठोपाठ दावा.

कायद्यात री-एन्ट्री म्हणजे भाडेकरूने अट मोडल्यावर मालकाने जागेचा ताबा परत घेणं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात कलम १११ मध्ये हे आहे. आमच्या वकिलांनी कलम ११४ काढलं: सुनावणीच्या वेळी थकबाकी, व्याज आणि दाव्याचा पूर्ण खर्च भरला तर कोर्ट भाडेपट्टा वाचवू शकतं. आईच्या पाटल्या मोडून पैसे भरले. वखार राहिली.

काका आजही म्हणतात की शब्दाचा अर्थ त्यांनी बरोबरच लावला होता. नव्हता लावला. शब्दाचा अर्थ कळणं आणि कलमाचा अर्थ कळणं यात आईच्या पाटल्यांएवढं अंतर आहे.

अंतराळातला अर्थ बराच नंतरचा. इस्रोची एसआरई-१ ही कुपी १० जानेवारी २००७ ला वर गेली आणि २२ जानेवारीला वातावरणात परत शिरून बंगालच्या उपसागरात उतरली, ती रीएन्ट्री. आखातात नोकरी करणाऱ्यांना व्हिशावरची रीएन्ट्री ठाऊक असते, म्हणजे सुट्टीला बाहेर जाऊन त्या देशात परत येण्याची परवानगी.

मराठीत 'पुनःप्रवेश' लिहा, 'पुनर्प्रवेश' नको. पुढे 'प' आला की विसर्ग टिकतो. 'पुनर्जन्म', 'पुनरागमन' यांत त्याचा र होतो.

आणि करार सहीला आला की हक्क कोणाचा ते वकिलाकडून वाचून घ्या, घरातल्या हुशार माणसाकडून नाही. इमारतीतल्या गाळ्याला भाडे नियंत्रण कायदा लागू असेल तर हिशेब वेगळा, तेही त्यांनाच विचारा. आमचा करारनामा माझ्या कपाटात आहे. पेन्सिलीतलं 'आपला' अजून वाचता येतं.