आधी पानं बघ, मग खत घाल

भाऊ, माशांच्या टाकीतल्या झाडांच्या खताची बाटली जरा बाजूला ठेव आणि पानं नीट बघ. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नायट्रोजन कमी पडतोय. त्यांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर बहुधा पोटॅशियम. कोवळा शेंडा फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह. लोह जुन्या पानातून नव्याकडे सहज सरकत नाही, म्हणून खूण शेंड्यावर उमटते. पाण्यातलं नायट्रेट (झाडं नायट्रोजन ज्या रूपात घेतात ते) १० ते २० पीपीएम, म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम, ठेव. शून्य आलं तर झाडं उपाशी आहेत. नागपूरच्या मे महिन्यात कूलरसारखंच टाकीतलं पाणीही उडतं. नुसती भर घालत राहिलास तर क्षार साचतात, तेव्हा पाणी बदलच. आणि बोअरचं पाणी असेल तर आधी त्याचंच नायट्रेट तपास.