तुमच्या पुस्तकावरचा 'जावजी' म्हणजे कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या कपाटात एक जुनं संस्कृत पुस्तक सापडलं, त्यावर मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचं आणि 'तुकाराम जावजी' असं नाव आहे. हा माणूस कोण, आणि त्याच्या घराण्याची काही माहिती मिळेल का?

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. तरुणपणी काही वर्षं एका लहानशा छापखान्यात केसपुढे, म्हणजे टाइपांच्या घराघरांच्या खणापुढे, उभं राहून खिळे (टाइप, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं) जुळवले, एवढीच माझी लायकी. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतपेढ्यांचे अहवाल असली कामं. पण या धंद्यात हात काळे केलेल्या माणसाला निर्णयसागर हे नाव ऐकून गप्प बसवत नाही, म्हणून लिहितोय.

तुकाराम हा मुलगा. तुम्हाला ज्याच्याबद्दल विचारायला हवं तो त्याचा बाप, जावजी दादाजी. आडनाव चौधरी, पण ते पुस्तकावर शोधू नका. त्या काळी स्वतःचं नाव आणि बापाचं नाव लिहिलं की भागायचं. या घराण्याच्या बाबतीत तर 'जावजी' हेच पुढे आडनावासारखं होऊन बसलं.

जावजींचा जन्म १८३९ चा, मुंबईतला, मराठा जातीच्या गरीब घरातला. दहाएक वर्षांचे असताना ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले. पगार महिना दोन रुपये आणि काम टाइप घासण्याचं. चरित्रं लिहिणारे हे एका ओळीत उरकतात आणि पुढे जातात. मला तिथेच थांबावंसं वाटतं, कारण पुढचं सगळं त्या घासण्यात आहे.

खिळा कसा व्हायचा ते सांगतो. आधी पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. हा ठसा. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की अक्षराचा खळगा पडतो, ती मातृका. मातृका साच्यात बसवायची आणि शिसं, अँटिमनी आणि कथलाचा रस ओतायचा. बाहेर येतो तो खिळा, पण तसाच वापरता येत नाही. बुडाला धातूची शेपूट चिकटलेली असते, ती मोडायची. कडांना कुसं असतात, ती दगडावर घासून काढायची. कमी घासला तर खिळा शेजारच्याला नीट चिकटत नाही, जास्त घासला तर ओळ डुगडुगते. देवनागरीत तर याची शिक्षा डोळ्यांना लगेच दिसते, कारण आपली अक्षरं शिरोरेषेनं जोडलेली. एक खिळा केसभर खाली बसला की रेघ तुटली. दहा वर्षांचं पोर दिवसभर हेच बोटांनी तपासत बसलं असेल, तर अक्षराची पारख त्याला डोळ्यांच्या आधी बोटांनी आली असणार. हा माझा अंदाज, पण ज्यानं खिळा हातात धरलाय तो याला हसणार नाही.

त्याच मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाचा कारागीर मराठी टाइप पाडायचा. मुंबईतल्या देशी छपाईची अर्धी विद्या त्या एका दारातून बाहेर पडली आहे. जावजींच्या आधी गणपत कृष्णाजी तिथेच शिकले आणि त्यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापायच्या यंत्रावर, मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला शिवत नसत आणि त्यासाठी तुपाची शाई केली गेली, ही गोष्ट त्याच काळातली. गणपत कृष्णाजी भंडारी, जावजी मराठा. ज्यांना वेद म्हणायची मुभा नव्हती अशा घरांतल्या माणसांनी शास्त्रीबुवांच्या हातात पोथ्यांच्या जागी पुस्तकं ठेवली, हे मला फार आवडतं.

मिशननंतर जावजींनी टाइम्स, इंदुप्रकाश, ओरिएंटल अशा छापखान्यांतून नोकऱ्या केल्या आणि १८६४ मध्ये स्वतःचा टाइप पाडण्याचा कारखाना काढला. हे साल लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव आकाशाला भिडले होते, अख्खी मुंबई शेअरच्या नादाला लागली होती. समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे कागद लोक डोळे मिटून विकत घेत होते. पुढच्याच वर्षी सगळं कोसळलं आणि भल्याभल्या शेठजींची दिवाळी निघाली. नेमक्या त्याच धामधुमीत या माणसानं खिळ्यांचा धंदा मांडला आणि तो टिकला. दूरदृष्टी म्हणा, नाहीतर जवळ शेअर घेण्याइतके पैसेच नव्हते म्हणा.

पाच वर्षांनी, १८६९ मध्ये, छापखाना सुरू झाला. तोच निर्णयसागर. क्रम बघा: आधी खिळे, मग छपाई. बाकीचे छापखानेवाले टाइप विकत आणायचे आणि झिजला तरी रेटत राहायचे, मागवायचा म्हणजे पैसे. ज्याच्या घरातच ओतकाम, त्याला झिजलेला खिळा पुन्हा भट्टीत टाकायला काही वाटत नाही. निर्णयसागरची छपाई इतकी ठसठशीत का, याचं मोठं कारण हे. दुसरं कारण राणोजी रावजी आरू. ठसे कोरण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. पुस्तकांवर त्यांचं नाव शोधाल तर निराश व्हाल, त्यांची सही म्हणजे ती अक्षरंच.

मग १८८१ पासून विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' मासिक तिथे छापलं जाऊ लागलं, आणि १८८६ मध्ये 'काव्यमाला' सुरू झाली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब संपादक, आणि हस्तलिखितांत पडून असलेली संस्कृत काव्यं एकामागून एक बाहेर. संस्कृत जुळवणं म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजी केसमध्ये दीडेकशे घरं पुरतात; देवनागरीला जोडाक्षरं आणि काना-मात्रा धरून कित्येक पट जास्त लागतात, आणि प्रत्येक घर कुठलं ते न बघता हाताला ठाऊक हवं. हे जंजाळ कमी करायला पुढे टिळकांनीही खटाटोप केला. 'चि. सौ. कां.' जुळवणं वेगळं आणि 'मुद्राक्षरैरङ्कयित्वा' (म्हणजे 'छापून') जुळवणं वेगळं. मला एकदा लग्नपत्रिकेवरचा एक श्लोक जुळवायला दिला होता, चार ओळींना अख्खी दुपार गेली आणि वर 'ङ्क' चा खिळा केसमध्ये नव्हताच.

जावजी ५ एप्रिल १८९२ ला गेले. वय त्रेपन्नच्या आसपास.

आता घराणं. वंशावळ शोधायला तुम्हाला नाशिक-त्र्यंबकच्या भटजींकडे जायची गरज नाही, ती पुस्तकांवरच छापलेली आहे. १८६७ च्या २५व्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकावर छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव-ठिकाण घालणं सक्तीचं झालं. म्हणून जुन्या पुस्तकांवर '२५ व्या आक्टाप्रमाणें रजिस्टर केलें आहे' असं दिसतं. सरकारला छापखान्यांवर नजर ठेवायची होती, फायदा झाला आपला. निर्णयसागरची वेगवेगळ्या सालांची पुस्तकं शेजारी ठेवा आणि फक्त ती ओळ वाचा. १९१० च्या आसपासच्या पुस्तकावर तुकाराम जावजी. १९३० च्या आसपास पांडुरंग जावजी. स्वातंत्र्याच्या आगेमागे 'सत्यभामाबाई पाण्डुरङ्ग'. एवढ्या जुन्या छापखान्याच्या कालिदासावर प्रकाशक म्हणून बाईचं नाव, तेही संस्कृतातून! घरात कोण गेलं, कारभार कोणाच्या हातात आला, हे कुठल्याही बखरीशिवाय कळतं.

पत्ताही त्याच ओळीच्या आसपास मिळेल: २३, कोलभाट लेन. म्हणजे काळबादेवीचा भाग.

आणि इंग्रजी ओळ जरूर वाचा, ती बहुतेक संस्कृत ओळीच्या खाली किंवा मागच्या पानावर असते. तुकाराम स्वतःला नुसतं निर्णयसागरचा मालक म्हणवत नाही. ओळीचा अर्थ होतो, 'जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे मालक तुकाराम जावजी'. बाप जाऊन पंधरा-वीस वर्षं झाली तरी छापखाना बापाचाच. धंद्याच्या दृष्टीनं त्यात हिशोबही असेल, नावाला बाजारात किंमत होती. पण दर पुस्तकाला ते नाव पुन्हा जुळवायचं, प्रूफ बघायचं, छापायचं आणि मग खिळे सोडून परत घरात टाकायचे, हे चालूच राहिलं.

तुमच्या प्रतीवर इसवी सन नसेल तर शक असेल, त्यात ७८ मिळवा. आणि एखादं पान उलटं करून मागून बोट फिरवा. जाड कागद असेल तर खिळ्यांचा दाब अजून लागेल. साल काय निघतंय ते खाली लिहा.