खड्डा नीट भरला, तरी लायलॅक का मेला?

प्रश्न : आमच्या परसात चिकणमाती आहे आणि हिवाळ्यात जमीन गोठते. गेल्या शरदात तीन फूट खोल खड्डा घेतला, तळाला वाळू, वर भरपूर कंपोस्ट घालून लायलॅक लावला. वसंतात तो मेलेला निघाला. थंडी सोसणारी फुलझुडपं, झाडं आणि वेल सुचवाल का?

उत्तर : नावं सांगतेच, पण आधी तुमच्या लायलॅकबद्दल. हे झुडूप उणे ३५ अंशांची थंडी काढतं. मला संशय आहे तो पाण्याचा.

माझा पहिला लायलॅक असाच गेला. उपटला तर हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, कुंडीतून काढावी तशी अख्खी बाहेर आली. मुळ्या काळपट, चिमटीत धरताच साल सरकून बोटांना लागलं, आणि सडक्या अंड्याचा वास. खड्ड्याच्या तळाशी पाणी साचलेलं. भिंती तर लिंपल्यासारख्या गुळगुळीत, फावड्याच्या पात्याचा ठसासुद्धा तसाच! ओल्या चिकणमातीत खणलं की खड्ड्याचा रांजण होतो. भोवतीचं पाणी भुसभुशीत कंपोस्टात उतरतं आणि तिथेच मुक्काम ठोकतं. तळाची वाळू त्याला बाहेरची वाट देत नाही. मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात.

म्हणून आधी फूटभर खड्ड्यात पाणी भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर तिथे खड्डा नकोच. फूटभर उंच, ऐसपैस उंचवटा करून त्यावर लावा. जिरलं तर वाफसा आल्यावर खणा : मुठीत दाबलेला गोळा बोट लावताच फुटला पाहिजे. खड्डा हुंडीच्या तिप्पट रुंद, पण तिच्या उंचीपेक्षा दोन इंच उथळ ठेवा. भिंती पहारीने ओरबाडा आणि निघालेली तीच माती परत भरा. कंपोस्ट वरून पसरा, गांडुळं ते खाली नेतील. त्यावर तीन इंच पालापाचोळा, खोडापासून चार बोटं लांब. आणि लागवड वसंतातच करा. शरदात लावलेलं रोप मुळं धरण्याआधीच माती गोठते, वितळते, पुन्हा गोठते आणि त्याला वर ढकलते.

आता नावं. झाडांत क्रॅबॲपल, डोळे झाकून. झुडपांत व्हायबर्नम आणि लांब तुऱ्यांचा पॅनिकल हायड्रेंजिया. तो नव्या फांदीवर फुलतो, त्यामुळे शेंडे थंडीने जळले तरी फुलं चुकत नाहीत. वेलांत जॅकमनी क्लेमॅटिस. हिवाळा सरताना फूट-दीड फुटावर कापला तरी उन्हाळ्यात बहरतो. विस्टेरिया घ्यायचाच तर कलमाचा घ्या. बियांपासून केलेला दहा-दहा वर्षं नुसती पानं दाखवतो.

आणि लायलॅक पुन्हा लावाच. फक्त त्याची छाटणी फुलं ओसरल्यावर लगेच उरका. पुढच्या वर्षीच्या कळ्या तो उन्हाळ्यातच धरतो. हिवाळ्यात कात्री चालवलीत तर त्याच कापल्या जातील.