शिंपल्यांपासून हाड जोडायचं साहित्य बनतं हे खरं आहे का? आमच्या गावात तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे ढीग पडलेत, त्यावर धंदा होईल का?

बनतं. पण बातम्यांतलं ‘शिंपल्याचं हाड’ डोक्यातून काढून टाका. हाती येते ती पांढरी भुकटी, कणी किंवा सच्छिद्र तुकडा. हाडात पोकळी पडली असेल तर डॉक्टर ती यानं भरतात आणि त्याच्या आधारानं नवं हाड शरीरच वाढवतं. हे साहित्य ठिसूळ असतं. भार पेलायला सळी किंवा प्लेट लागतेच.

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी हेच केलं होतं, म्हणून कृती सांगते. शिंपला म्हणजे बहुतेक सगळं कॅल्शियम कार्बोनेट, तर हाडातलं खनिज हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट, म्हणजे कॅल्शियमचं फॉस्फेट. शिंपले घासून, वाळवून ९०० ते १००० अंश सेल्सियसला भाजले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. (चुनाभट्टी पाहिलेल्या कोकणातल्या म्हाताऱ्यांना यात नवल वाटणार नाही.) तो पाण्यात विरवून त्यात फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबानं सोडायचं, ढवळणं चालूच. इथे घाई नडते. द्रावणाचा पीएच ९-१० च्या खाली घसरला की भलतंच फॉस्फेट तयार होतं. कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण १.६७ हवं. कॅल्शियम कमी पडलं तर तयार झालेला साका पुढे भट्टीत भाजताना त्यातून ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे वेगळंच फॉस्फेट निघतं, जास्त झालं तर मोकळा चुना मागे राहतो, आणि तो आजूबाजूच्या पेशींना जाळतो. हिशेब मात्र गमतीचा आहे: १ किलो शुद्ध कार्बोनेटमागे जवळपास १ किलोच हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट मिळतं.

आता धंद्याचं. नुसती भुकटीच करायची असेल तर शिंपल्याच्या वाटेला जाऊ नका. चुनखडीपासून केलेलं शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट स्वस्त मिळतं आणि प्रत्येक पोतं सारखं निघतं. शिंपला ज्या खाडीत वाढला त्या खाडीचं पाणी अंगात घेऊन येतो. वरच्या अंगाला कारखाने असतील तर शिसं, कॅडमियमही. शरीरात बसवायच्या हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटच्या आयएसओ १३७७९ या मानकात आर्सेनिक ३, कॅडमियम ५, पारा ५ आणि शिसं ३० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) वर चालत नाही. वर प्राण्यांवरच्या चाचण्या, निर्जंतुकीकरण आणि २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सखालचा परवाना. गावातल्या शेडमध्ये बसून होणारं हे काम नव्हे.

समुद्रातल्या मालाला खरी किंमत येते ती निसर्गानं केलेल्या घडणीमुळे. १९७४ मध्ये रॉय आणि लिनेहान या संशोधकांनी पोवळ्याचं कार्बोनेट दाबाखालच्या गरम फॉस्फेट द्रावणात बदललं, तरी आतली भोकं जशीच्या तशी राहिली. त्यावरूनच पुढे हाडभरणीचं साहित्य बाजारात आलं. हाडाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरायला साधारण १०० मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून) मोठी छिद्रं हवीत आणि ती भट्टीत पाडणं कटकटीचं असतं. आपल्याकडे पोवळ्याला हात लावू नका, वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. म्हाकुलाच्या पाठीतलं हलकं पांढरं हाड मात्र मासळी साफ करताना फेकूनच दिलं जातं. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात टांगतात, वैद्य समुद्रफेन म्हणतात, तेच. आतून ते थरांवर थर आणि मध्ये उभे खांब असं रचलेलं असतं, बहुतेक जागा मोकळी. २०० अंशांच्या आसपास फॉस्फेटच्या द्रावणात दाबाखाली ठेवलं की ही रचना न मोडता खनिज बदलतं. तिसरीचा शिंपला घट्ट असतो, त्याला हा फायदा नाही.

तुमच्या ढिगाला आज गिऱ्हाईक आहे ते अंड्यांच्या कोंबड्यांचं खाद्य करणारे आणि चुनावाले. हाडाच्याच वाटेनं जायचं असेल तर आधी एकाच खाडीचा, एकाच जातीचा माल वेगळा काढा, जड धातूंची तपासणी करून घ्या आणि तो अहवाल घेऊन जैवसिरॅमिकवर (शरीरात बसवायच्या अशा खनिज साहित्यावर) काम करणाऱ्या एखाद्या संस्थेचं दार ठोठवा. थिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था त्यातली जुनी.