मायनर लीगमध्येच (अमेरिकेतल्या खालच्या पातळीच्या लीगमध्ये) खेळणारा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारा, देशाच्या बेसबॉल संघात कसा पोचतो? त्याची कारकीर्द कशी असते?

मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवर, जागा नाही, मग देशाकडून कसा खेळतो, असं तुम्ही विचारलंय. अमेरिकेत तरी जागा नसते म्हणूनच तो मोकळा असतो. ऑलिंपिक भर हंगामात येतं आणि क्लब आपले मुख्य खेळाडू सोडत नाहीत. टोकियोच्या वेळी क्लबच्या ४० जणांच्या यादीतला एकही खेळाडू मिळणार नव्हता. म्हणजे निवड करायची ती मायनर लीगमधून, नाहीतर करार नसलेल्या जुन्या खेळाडूंतून.

पॅट बॉर्डर्सचंच बघा. टोरंटो ब्लू जेज या मेजर लीगच्या क्लबने त्याला १९८२ मध्ये घेतलं. तो कॅचर झाला तो पुढे, मायनर लीगमध्येच. १९९२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मेजर लीगच्या अंतिम मालिकेत) २० पैकी ९ हिट्स आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. २००० मध्ये, सदतिसाव्या वर्षी, तो पुन्हा मायनर लीगमध्ये होता आणि तिथूनच प्रशिक्षक टॉमी लासोर्डाच्या अमेरिकी संघातून सिडनी ऑलिंपिकला गेला. अंतिम सामन्यात क्यूबा ४-० ने हरली, सुवर्ण अमेरिकेला. त्यानंतरही तो २००५ पर्यंत मेजर लीगमध्ये अधूनमधून दिसत राहिला.

इतकी वर्षं टिकतो तो कॅचरच, कारण त्याची किंमत नुसत्या बॅटवर ठरत नाही. होम प्लेटपासून (जिथे बॅटर उभा असतो तिथून) दुसरा बेस सव्वाशे फुटांच्या थोडा पुढे. पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरपर्यंत यायला साधारण १.३ सेकंद लागतात, कॅचरने तो घेऊन दुसऱ्या बेसवर पोचवायला २ सेकंद. बेस चोरणारा, म्हणजे तेवढ्यात पहिल्या बेसवरून दुसऱ्याकडे पळणारा, तोही सव्वातीन-साडेतीन सेकंदांत तिथे असतो. कॅचरला २.१ लागले की बेस गेल्यातच जमा. दोष बहुतेक वेळा हाताच्या ताकदीत नसतो, पाय उशिरा वळतात किंवा चेंडू ग्लोव्हमधून काढताना बोटं चुकतात.

राष्ट्रीय संघात खरी पंचाईत ओळखीची असते. पिचर नवे, सरावाला मोजके दिवस. कुठला चेंडू टाकायचा ते कॅचर हाताच्या खुणांनी सांगत असेल तर दुसऱ्या बेसवरचा धावपटू त्या वाचतो, म्हणून कॅचर चार-पाच खुणा करतो आणि त्यातली खरी कुठली ते आधी ठरलेलं असतं. इथे गोंधळ झाला तर फास्टबॉलसाठी (सरळ वेगवान चेंडूसाठी) धरलेल्या ग्लोव्हकडे स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) येतो. चेंडू मागे निसटतो, नाहीतर अंगठा दुखावतो. वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या संघांच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत पिचरला ६५ चेंडूंची मर्यादा असल्यामुळे एका सामन्यात चार-पाच पिचर बदलतात. कॅचरला प्रत्येकाची सवय पाठ हवी. विकेटकीपरपेक्षा हे काम कितीतरी जास्त डोक्याचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसा मात्र बेताचाच. २०२३ च्या करारात किमान पगार ठरला तो डबल-ए मध्ये वर्षाला ३०,२५० डॉलर आणि मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवर, ट्रिपल-ए मध्ये, ३५,८००. मंगळवार ते रविवार सलग सहा सामने, सोमवारी सुट्टी किंवा प्रवास. एकच कॅचर सहाही सामने खेळला तर गुडघे जातील, म्हणून दोघं-तिघं आळीपाळीने उभे राहतात.

दुसरी वाट वंशाची. क्लासिकमध्ये त्या देशाचं नागरिकत्व मिळण्याची पात्रता दाखवली तरी पुरतं. कॅलिफोर्नियात जन्मलेला रायन लॅवर्नवे २०१७ मध्ये असाच इस्रायलकडून कॅचर म्हणून खेळला. ऑलिंपिकला ही सवलत नाही. टोकियोला जाण्यासाठी त्याला इस्रायलचं नागरिकत्व घ्यावंच लागलं.